नंदुरबारमध्ये कॉलेजचं एक वर्ष कसं चालतं? वेळापत्रक जळगावचं, हंगाम सातपुड्याचा

बारावीचा निकाल लागला की नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथल्या कॉलेजांमध्ये वर्ग रिकामे असतात आणि ऑफिसच्या खिडकीपुढे गर्दी असते. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाईल. आत बारावीचं मार्कशीट, एलसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स. सोबत कधी वडील, कधी मोठा भाऊ, तर कधी पाड्यावरचा कुणीतरी जो दोन वर्षांपूर्वी याच खिडकीतून गेलेला असतो आणि म्हणून जाणकार ठरतो.

कॉलेजचं वर्ष म्हटलं की आपल्याला लेक्चर, गॅदरिंग आणि परीक्षा आठवतात. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात एखाद्याचं वर्ष पूर्ण होणार की मधेच सुटणार, हे बऱ्याच वेळा वर्गात ठरत नाही. ते ठरतं ऑफिसच्या खिडकीवर, बसस्टँडवर आणि दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला निघतात तेव्हा. ते कसं, हे समजून घ्यायचं तर वर्ष महिन्यांच्या क्रमानेच बघावं लागेल.

आधी थोडा भूगोल

नंदुरबार जिल्हा तसा नवा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून तो वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. घरात भिलोरी, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी किंवा गुजरी बोलली जाते. प्रमाण मराठी ही अनेकांसाठी शाळेत शिकलेली भाषा आहे, आणि कॉलेजचे फॉर्म तर मराठी-इंग्रजीच्या मिसळीत असतात.

इथली कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला संलग्न आहेत. पोरांच्या तोंडी ते नुसतं 'उमवि'. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी ते स्थापन झालं. बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं. १९९० च्या आधी ही कॉलेजं पुणे विद्यापीठाच्या अखत्यारीत होती, म्हणजे कागद पुण्याला जायचे. आता ते जळगावला जातात. पण नंदुरबारहून जळगावही रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि धडगावच्या पोराला त्याआधी सातपुड्याचा घाट उतरून यावं लागतं. परीक्षेच्या तारखा, अभ्यासक्रम, निकाल हे सगळं जळगावात ठरतं.

नंदुरबार शहरातलं जी. टी. पाटील महाविद्यालय किंवा शहाद्याचं पूज्य साने गुरुजी विद्याप्रसारक मंडळाचं महाविद्यालय ही जिल्ह्यातली ओळखीची नावं. संस्था खासगी, त्यातल्या अनुदानित पदांचा पगार सरकारचा आणि पदवी विद्यापीठाची, अशी ही तिहेरी रचना आहे. त्यामुळे एखादी गोष्ट अडली की नक्की कुणाकडे जायचं, हे विद्यार्थ्यांना पटकन कळत नाही. ऑफिसमधले भाऊसाहेबही कधी विद्यापीठाकडे बोट दाखवतात, कधी पोर्टलकडे. दोन्ही वेळा ते खोटं बोलत असतात असंही नाही.

जून-जुलै: प्रवेश म्हणजे एक काम नव्हे

बीएला नाव घालणं वरवर सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात चार-पाच वेगळी कामं असतात. कॉलेजचा प्रवेश, विद्यापीठाकडची पात्रता नोंदणी, त्यातून मिळणारा पीआरएन म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, मग शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि आता त्यात भर पडली ती अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या आयडीची.

हा शेवटचा आयडी आला नव्या शैक्षणिक धोरणामुळे. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. एका सत्राला साधारण २२ क्रेडिट्स. मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या विद्याशाखेतला विषय, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, भाषा, मूल्यशिक्षण असे वेगवेगळे डबे भरायचे. पुढच्या वर्षांत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि क्षेत्र प्रकल्पही.

कागदावर हे निवडीचं स्वातंत्र्य आहे. पण जिथे एका विभागात दोनच शिक्षक आहेत तिथे निवड म्हणजे कॉलेज जे शिकवू शकतं ते. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचंही तसंच. पुण्याच्या विद्यार्थ्याला कंपन्या शोधता येतात. धडगावच्या विद्यार्थ्यापुढे ग्रामपंचायत, बँक, शाळा, एखादी सामाजिक संस्था किंवा नंदुरबारचा मिरचीचा व्यापार एवढेच पर्याय उरतात. मिरचीच्या व्यापारात वाणिज्य शाखेला शिकण्यासारखं भरपूर आहे, पण ते कॉलेजने मुद्दाम जुळवून आणलं तरच.

प्रवेशाच्या वेळची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची, कॉलेजने ती स्वतःकडे ठेवून घ्यायची नाहीत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ पासूनचा नियम आहे. फी राहिली म्हणून मार्कशीट अडवणं त्यात बसत नाही.

खरं वर्ष चालतं शिष्यवृत्तीवर

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हवं. त्यापेक्षा जास्त उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, तिला उत्पन्नाची अट नाही. दोन्हीसाठी अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजला जातंय, त्यांच्यासाठी हा पैसा 'मिळाला तर बरं' या प्रकारातला नसतो. त्यावर खोलीचं भाडं, बसचा पास आणि पुस्तकं उभी असतात.

अर्ज चालतो तो असा. विद्यार्थी ऑनलाइन भरतो, बहुतेक वेळा बाजारातल्या नेट कॅफेत पैसे देऊन. मग तो कॉलेजच्या लॉगिनला येतो. तिथला क्लार्क कागद तपासतो आणि एक तर पुढे पाठवतो किंवा त्रुटी दाखवून परत. पुढची मंजुरी आदिवासी विकास विभागाच्या एकात्मिक प्रकल्प कार्यालयाची. या जिल्ह्यात अशी दोन कार्यालयं आहेत, नंदुरबार आणि तळोदा. त्यानंतर पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात.

गाडी अडते ती दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणं क्षुल्लक वाटतात. पहिलं, परत आलेला अर्ज. त्रुटीचा मेसेज ज्या मोबाईलवर येतो तो नंबर अनेकदा विद्यार्थ्याचा नसतो. मोठ्या भावाचा असतो किंवा कॅफेवाल्याने टाकलेला असतो. दुरुस्तीची मुदत निघून जाते आणि विद्यार्थी 'अजून प्रोसेसमध्ये आहे' असं समजून बसतो.

दुसरं ठिकाण म्हणजे बँक. खात्याला आधार 'लिंक' असणं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी तेच खातं नोंदलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका आधारवर अनेक खाती जोडता येतात, पण थेट लाभ हस्तांतरणाचा पैसा शेवटी ज्या एका खात्याचं मॅपिंग झालंय तिथेच जातो. मधल्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून नवं खातं उघडलं, की पैसा तिकडे वळतो. पोरगा जुन्या पासबुकावर एंट्री मारत राहतो आणि पैसा आलेलाच नाही म्हणून ऑफिसला खेटे घालतो. बँकेत जाऊन 'माझं आधार मॅपिंग कोणत्या खात्याला आहे' एवढं विचारलं तरी हा गुंता सुटू शकतो.

जुलै २०२४ पासून 'मुलींना उच्च शिक्षण मोफत' असे मेसेजही भरपूर फिरले. तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी होता, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींसाठी. बीए किंवा बीकॉमला नाव घालायला आलेल्या मुलीने तो मेसेज खिडकीवर दाखवून उपयोग नसतो. तिची योजना वेगळी असते आणि ती तिला कुणीतरी सांगावी लागते.

राहायचं कुठे?

आदिवासी विकास विभागाची मुला-मुलींची शासकीय वसतिगृहं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. तिथे जागा मिळाली तर प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. मेसऐवजी जेवणाचे पैसे खात्यात देण्याचा निर्णय २०१८ मध्ये आला, तेव्हा त्याविरोधात वसतिगृहातले विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले होते. आक्षेप साधा होता. पैसे उशिरा आले तर त्या महिन्यात खायचं काय?

वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता असं धरून वर्षाच्या मदतीचे दर तिच्यात ठरले. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांसाठी ४३ हजार रुपये, मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ६० हजार. पण भाड्याची खोली पैसे येण्याची वाट बघत नाही. डिपॉझिट जुलैत द्यावं लागतं. त्यामुळे तीन-चार जण मिळून एक खोली, गावाहून आणलेलं ज्वारीचं किंवा मक्याचं पीठ आणि आळीपाळीने स्वयंपाक अशी व्यवस्था लागते. स्वयंपाकाची पाळी कुणाची, यावरून होणारी भांडणं हाही विद्यार्थी जीवनाचाच भाग.

बाकीचे येतात एसटीने. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, त्यामुळे कधीतरीच येणाऱ्या मुलीलाही तो परवडतो. पण पाड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत चालत, तिथून जीपने, मग एसटीने असा प्रवास असेल तर सकाळचं पहिलं लेक्चर बुडणारच. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. त्या भागात सीमेपलीकडच्या गावांशी रोजचं येणं-जाणं असतं.

ऑगस्ट-सप्टेंबर: कॉलेज खऱ्या अर्थाने भरतं तेव्हा

पेरण्या उरकतात, प्रवेश संपतात आणि वर्ग भरू लागतात. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन. त्या दिवशी जिल्ह्यात मिरवणुका निघतात आणि त्यात कॉलेजची मुलं-मुली पुढे असतात. बरोबर महिन्याने ९ सप्टेंबर. १९४२ मध्ये याच दिवशी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा त्याच्या साथीदारांसह हुतात्मा झाला. शहरातलं त्याचं स्मारक कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

२४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन. 'एनएसएस'मध्ये दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं असतं. शहरातल्या कॉलेजांमध्ये हे शिबिर म्हणजे गावाची ओळख. नंदुरबारमध्ये गंमत अशी की शिबिराला आलेल्यांपैकी निम्म्यांना गावच शिकवायला बसवावं. बंधारा कसा घालायचा हे ते कार्यक्रम अधिकाऱ्यापेक्षा चांगलं जाणतात.

विद्यापीठाचा युवक महोत्सव 'युवारंग' हे वर्षातलं मोठं आकर्षण. तीन जिल्ह्यांतली कॉलेजं एकत्र येतात. पावरी किंवा ढोल घेऊन स्टेजवर चढणाऱ्या संघाला सराव शिकवावा लागत नाही, तो घरून झालेला असतो. संशोधनासाठी 'आविष्कार' स्पर्धा आहे, तिथे मात्र प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक कमी पडतात.

शिक्षकांचा प्रश्नही इथेच येतो. मंजूर पदं रिकामी असली की तासिका तत्त्वावर शिक्षक नेमतात. जितके तास घेतले तितकं मानधन, सुट्टीच्या महिन्यांत काही नाही. नेमणुका व्हायला सत्र सुरू होऊन काही आठवडे जातात. तोवर त्या विषयाचा तास म्हणजे कट्टा.

विद्यार्थ्यांचं म्हणणं कुठे पोचतं?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये याची सोय आहे. प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी परिषद असावी आणि तिचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीय प्रतिनिधी थेट मतदानाने निवडावेत, असं हा कायदा सांगतो. मतदान का महत्त्वाचं? कारण १९९४ च्या कायद्यानंतर खुल्या निवडणुका थांबल्या होत्या आणि वर्गातला सर्वाधिक गुणवाला थेट वर्ग प्रतिनिधी व्हायचा. गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्यात गल्लत कायम राहिली. २०१९ मध्ये निवडणुकांचं वेळापत्रक आलं, विधानसभा निवडणुकीमुळे ते पुढे ढकललं गेलं आणि मग कोरोना आला.

याचा परिणाम फक्त पोस्टर-घोषणांवर होत नाही. त्याच कायद्यात महाविद्यालय विकास समिती आहे. संस्थाचालक, प्राचार्य, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, स्थानिक मान्यवर असे सदस्य, आणि त्यांच्यासोबत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव. वर्षातून किमान चार बैठका. बजेट, सुविधा, शिक्षणाचा दर्जा यावर इथे बोलायचं असतं. परिषदच नीट नसेल तर या टेबलावरची विद्यार्थ्यांची खुर्ची नावापुरती उरते. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, हे चार बैठकांपैकी एकीत तरी कुणी म्हणायला हवं.

तोवर उपयोगी पडते तक्रार निवारण समिती. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार ती प्रत्येक संस्थेत हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं कुणी नाकारलं तर हातात काहीच राहत नाही.

दिवाळीनंतर वर्ग अर्धा का होतो?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिल्या सत्राची परीक्षा येते. दिवाळीच्या सुमारास अस्तंबा शिखराची यात्रा असते, सातपुड्यात रात्रीची चढाई. याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि जिल्ह्यातली कुटुंबं दक्षिण गुजरातमध्ये किंवा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला निघतात. काही सौराष्ट्राकडे शेतीच्या कामाला जातात.

ऊसतोडीत कामाचं एकक 'कोयता' असतं, म्हणजे साधारणपणे नवरा-बायकोची जोडी. उचल आधीच घेतलेली असते. कोयता कमी पडला तर घरातल्या मोठ्या मुलाला कॉलेज सोडून जावं लागतं. मुलगी असेल तर मागे राहिलेल्या भावंडांची आणि म्हाताऱ्यांची जबाबदारी तिच्यावर येते. दोघेही कॉलेज सोडतोय असं सांगत नाहीत. ते फक्त यायचे थांबतात. रजिस्टरवर नाव राहतं, हजेरी रिकामी पडत जाते आणि ७५ टक्क्यांची अट मार्चमध्ये समोर उभी राहते.

देशपातळीवरच्या आकड्यांतही ही दरी दिसते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साठी एकूण नोंदणीचं प्रमाण २८.४ होतं, तर अनुसूचित जमातींचं २१.२. आणि हा आकडा नाव घातलेल्यांचा आहे. वर्ष पूर्ण केलेल्यांचा वेगळा मोजावा लागेल.

जानेवारी ते मार्च: होळीपुढे टाईमटेबलचं काही चालत नाही

डिसेंबरमध्ये दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, जानेवारीत गॅदरिंग होतात, महाशिवरात्रीला याहामोगी मातेच्या दर्शनाला देवमोगऱ्याला जायचं असतं. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे होळी.

कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये होळीची सुट्टी मोजून एक-दोन दिवस. सातपुड्यात होळी एका दिवसात संपतच नाही. डाबची होळी आधी, काठीची राजवाडी होळी नंतर, आणि मग वेगवेगळ्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी. त्याआधी भोंगऱ्या बाजार. ज्यांनी नवस केलाय ते बावा, बुध्या, मोरखी होऊन नाचतात आणि त्याआधी कित्येक दिवस पाळणी पाळतात. काठीची होळी पेटते पहाटे, रात्रभर ढोल वाजल्यावर. ऊसतोडीला गेलेलेही होळीला गावाकडे येतात. म्हणजे वर्षात सगळं घर एकत्र असण्याचे हे मोजके दिवस. त्यात कुणी अंतर्गत चाचणी ठेवली तर बाकं रिकामी राहतील, हे इथे वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या प्राध्यापकाला माहीत असतं. तो चाचणी आठवडाभर पुढे घेतो. विद्यापीठाच्या मुख्य परीक्षेची तारीख मात्र त्याच्या हातात नसते.

होळी सरते तोवर मोहाची फुलं गळू लागलेली असतात. पहाटे फुलं वेचायची, मग पेपरला यायचं. एप्रिलमध्ये नंदुरबारचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि त्या उन्हात दुसऱ्या सत्राची परीक्षा होते.

राहिलंच एखादं सत्र, तर?

विषय राहिले तर एटीकेटी आहे. निकाल अनपेक्षित वाटला तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं, पण त्याची मुदत निकालानंतर मोजक्या दिवसांची असते आणि तेव्हा सुट्टीत कॉलेज ओस असतं.

नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, काही जादा क्रेडिट्स पूर्ण केली तर. मिळवलेली क्रेडिट्स बँकेत सात वर्षांपर्यंत राहतात, त्यामुळे ऊसतोडीला गेलेला पोरगा दोन वर्षांनी परत येऊन पुढे शिकू शकतो. अर्थात त्यासाठी त्याची पहिल्या वर्षाची क्रेडिट्स कॉलेजने आणि विद्यापीठाने वेळेत चढवलेली हवीत. आयडी तयार केला की काम संपलं असं नाही. लॉगिन करून आपल्या नावापुढे क्रेडिट्स दिसतात का, हे कॉलेज सोडून जाण्याआधी बघून घ्यावं लागतं. परतताना एलसी, गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि उत्पन्नाचा ताजा दाखला लागतो. शिष्यवृत्तीच्या अर्जातही मधल्या वर्षांची माहिती द्यावी लागते, आणि ती लपवली की अर्ज परत येतो.